पंक्चरच्या दुकानातली हवा

घरातला कॉम्प्युटर धुळीने गेला असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, शेवटचा साफ कधी केला होतात आणि कशाने? इंद्रपुरीत राहून इतकी वर्षं घरून डीटीपी करते आहे. त्या काळात माझ्याकडचे जे भाग वाया गेले, त्यांतला एकही नुसत्या धुळीने गेलेला नाही. धूळ काढताना मी जे केलं, त्याने ते गेले. कोणता भाग कशाने गेला हे मला आता नीट कळलं आहे, म्हणून ते सगळं लिहून ठेवते. माझ्यासारखे घरी बसून काम करणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांनी यातलं काही ना काही केलेलं असतं.

इंद्रपुरी ही भोपाळच्या रायसेन रोडला लागून असलेली वसाहत. पिपलानी, सोनागिरी, जेके रोड, सगळं हाकेच्या अंतरावर आणि शेजारी भेलची टाउनशिप. इंजिनिअरिंग कॉलेजं आणि क्लासेसमुळे घरोघरी मुलं भाड्याने राहतात. प्रोजेक्ट रिपोर्ट, थीसिस, लग्नपत्रिका, मराठी मंडळांच्या स्मरणिका हे माझं काम. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूच्या गावांत गहू निघतो, मग शेतकरी नरवाई, म्हणजे शेतात उरलेले बुडखे, जाळतात आणि त्या राखेचे काळे कण खिडकीच्या जाळीतून थेट टेबलापर्यंत येतात. पाठोपाठ लू सुरू होते. लू आली की खिडकीत कूलर बसतो, आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीने खरी अडचण तिथून सुरू होते. कूलर बाहेरची धूळ ओढतो आणि ओल्या हवेबरोबर खोलीत फेकतो. कोरडी धूळ नुसती बसते, फुंकली की उडते. ओलसर हवेतली धूळ चिकटते. माझं कॅबिनेट कितीतरी वर्षं जमिनीवर, कूलरच्या बरोबर समोर होतं. मलाही वारा लागावा आणि त्यालाही, असा माझा हिशेब होता.

मे महिन्यात भर दुपारी कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. सकाळी तासन्‌तास चालायचा, दुपारी बंद. मी व्होल्टेजला दोष देत राहिले. शेवटी बाजूचं झाकण काढलं तेव्हा दिसलं, की प्रोसेसरवरचा पंखा फिरतो आहे, पण पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये नमद्यासारखा एक करडा थर बसला आहे. पंखा काढून तो थर नखाने उचलला तर एका तुकड्यात निघून आला आणि त्याच्या खालच्या बाजूवर ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या. म्हणजे पंख्याची हवा पात्यांमध्ये शिरतच नव्हती. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागलं नाही की यंत्र बंद करतो. तो बंद पडत होता ते स्वतःला वाचवण्यासाठी. इथवर काहीही बिघडलेलं नव्हतं. जे बिघडलं ते मी साफसफाई सुरू केल्यावर.

घरात व्हॅक्यूम क्लीनर होता. त्याची प्लॅस्टिकची नळी आत घालून मी मदरबोर्डवरून फिरवली. धूळ छान निघाली. त्यानंतर पुढचे दोन यूएसबी पोर्ट कधी चालायचे, कधी नाही, आणि पावसाळ्यापर्यंत पूर्ण बंद पडले. ते व्हॅक्यूममुळेच गेले असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण कारण समजल्यावर शंका फारशी उरली नाही. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ वेगाने जाते तेव्हा नळीच्या तोंडाशी स्थिर विद्युत साठते. माणसाला झटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक भाग शंभर व्होल्टमध्येही दुखावू शकतो. म्हणजे आपल्याला काहीही न कळता चिप मरू शकते. त्याहून वाईट म्हणजे ती लगेच मरेलच असं नाही. अर्धवट जखमी होऊन महिनोन्‌महिने चालते आणि मग एके दिवशी जाते. तोवर आपण साफसफाई विसरून गेलेलो असतो.

रॅमचं तर मला आजही वाईट वाटतं, कारण ती चूक ऐकीव सल्ल्यावर झाली. स्क्रीनवर काही दिसलं नाही की रॅम काढा, खोडरबराने घासा, परत लावा, हा उपाय आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. मीही केला. कॉम्प्युटर शटडाउन केला, भिंतीवरचा स्विच बंद केला आणि रॅम काढली. बोर्डच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा लागलेला होता. तो मी पाहिलाही होता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कॉम्प्युटर यूपीएसवर होता. भिंतीवरचा स्विच बंद केल्याने यूपीएस बंद होत नाही, तो बॅटरीवर जातो. आणि शटडाउन केलेल्या कॉम्प्युटरमध्येही एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डला पाच व्होल्ट देतच असतो, बटण दाबल्यावर यंत्र जागं व्हावं म्हणून. त्या चालू बोर्डमधून मी रॅम उपटली आणि घासून परत खोचली. ती पुन्हा चालली नाही. खोडरबराबद्दलही सांगते. रॅमच्या टोकाला जो सोनेरी मुलामा असतो तो मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. रबर मळ काढतं, तसा मुलामाही काढतं आणि रबराचा बारीक चुरा स्लॉटमध्ये जातो. एकदा घासून चालू झालेली रॅम पुढे वरचेवर घासावी लागते, ती यामुळे.

आता पंक्चरच्या दुकानाकडे येते.

दिवाळीची आवराआवर सुरू होती. पाऊस नुकताच उघडला होता, हवा दमट होती. एका ओळखीच्या मुलाने सांगितलं, आम्ही सगळे कॅबिनेट टायरवाल्याकडेच नेतो, दोन मिनिटांत काम. मी कॅबिनेट स्कूटरवर ठेवलं आणि रायसेन रोडवरच्या एका दुकानात नेलं. तिथे ट्रकचे टायर भरत होते. ट्रकच्या टायरला शंभराच्या वर पीएसआय दाब लागतो, म्हणजे टाकीत त्याहून जास्त असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दुकानातल्या मुलाने पाइप घेतला आणि एकदा फस्स करून सोडला. धुळीचा लोट उठला. प्रोसेसरचा पंखा असा गरगरायला लागला की त्याची शीळ रस्त्यावर ऐकू गेली असेल. मला ते आवडलं. सगळं स्वच्छ होतंय असं वाटलं. एसएमपीएसच्या जाळीतूनही मी हवा मारून घेतली.

घरी आणून लगेच चालू केला, कारण एका मुलीची थीसिस दुसऱ्या दिवशी जमा व्हायची होती. पंखे फिरले, क्षणभर दिवा लागला, नंतर जळकट वास आला आणि सगळं थांबलं.

झाकण काढून टॉर्च मारली. रॅमच्या स्लॉटच्या खाचेत, अगदी कडेला, मोहरीएवढे पाण्याचे थेंब होते. बोर्डच्या एका पट्ट्यावर तेलकट धुकं बसल्यासारखी चकाकी होती. बोट लावलं तर बोटाला वास आला, इंजिन ऑइलचा.

हे पाणी कुठून आलं ते मला अण्णांनी समजावलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून स्थापन झालेल्या आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या कारखान्यात, म्हणजे आजच्या भेलमध्ये, त्यांची नोकरी गेली. विदर्भातून असे कितीतरी मराठी तरुण तेव्हा इथे आले होते. अण्णांनी बोर्ड हातात घेतला, तिरपा करून उजेडात धरला आणि विचारलं, "कॉम्प्रेसरची टाकी ड्रेन केली होती का त्यांनी?" मला प्रश्नच कळला नाही. हवा दाबली की ती तापते, मग टाकीत निवते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. टाकीच्या खाली एक नळ असतो, त्यातून ते पाणी रोज काढायचं असतं. दमट दिवसांत ते जास्त साचतं. काढलं नाही तर दाबाबरोबर पाइपमधून बाहेर येतं, आणि त्याच्यासोबत कॉम्प्रेसरच्या पिस्टनचं थोडं तेलही. टायरला त्याने काही होत नाही. दुकानदाराची यात काहीही चूक नव्हती, तो टायर भरायला बसला होता. नको ती वस्तू त्याच्यापुढे नेऊन ठेवली ती मी.

"आम्ही मोटर साफ करायचो तेव्हा आधी ओढून घ्यायचो, मग फुंकायचो," अण्णा म्हणाले. "आणि फुंकायचो तेही कमी दाबाने, कोरड्या हवेने. जोरात मारलंस तर घाण निघत नाही, वाइंडिंगच्या आत जाऊन बसते. मग मेगर लावून इन्सुलेशन बघायचो. त्याशिवाय करंट द्यायचा नाही."

पंख्याची ती शीळसुद्धा आनंदाची नव्हती. पंख्यात मोटर असते. बाहेरून हवा मारून तो फिरवला की तीच मोटर जनित्र होते आणि उलट बोर्डकडे वीज ढकलू शकते. शिवाय तो ज्या वेगासाठी बनलेला असतो त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरल्यामुळे त्याचं बेअरिंग सैल होतं. माझा पंखा त्या दिवसापासून खरखरायला लागला, तो शेवटपर्यंत.

बोर्ड गेला तो मात्र मी चालू केला म्हणून. थेंब असूनही मी दोन-तीन दिवस थांबले असते, बोर्डवरचा तो बटणाएवढा तीन व्होल्टचा सेलही काढून ठेवला असता, तर कदाचित तो वाचला असता. पाण्याने बोर्ड लगेच मरत नाही. ओल्या बोर्डमधून वीज गेली की मरतो. हार्ड डिस्क शाबूत होती, पण ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल काढेपर्यंत रात्र गेली, आणि त्या मुलीला राहिलेली पानं दुसरीकडे बसून पुन्हा टाइप करून घ्यावी लागली. मी तिचे पैसे परत केले. तिची रात्र मात्र परत करता आली नाही, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ती आहे.

नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर आला. यावेळी मी सगळं सावकाश करायचं ठरवलं होतं, तरी वर्षभराने प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलताना घोटाळा केलाच. हीटसिंकचे क्लिप सोडले आणि तो सरळ वर ओढला. प्रोसेसर त्याला चिकटून खटकन सॉकेटमधून उपटून आला. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते हे मला माहीत नव्हतं. माझा प्रोसेसर एएमडीच्या एएम४ पद्धतीचा, त्याच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि दोन पिनांमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर. कोपऱ्यातल्या काही पिना वाकल्या होत्या. त्या कशा सरळ केल्या ते सांगते, कारण ही एकच दुरुस्ती मला जमली. अण्णांचं भिंग टेबलाला बांधलं. अर्ध्या मिलिमीटरच्या शिशाच्या क्लचपेन्सिलमधलं शिसं काढून टाकलं, तिचं रिकामं पोकळ टोक पिनेवर बसवलं आणि शेजारच्या पिनांची ओळ बघत केसाएवढं केसाएवढं उचललं. पिन एकदाच वाकवून घेते, पुन्हापुन्हा केलं की तुटते. हात थरथरला की थांबायचं. संध्याकाळपर्यंत प्रोसेसर आपल्या वजनाने सॉकेटमध्ये बसला, जोर लावावा लागला नाही. जोर लावावा लागणार नाही, हीच खूण असते. हीटसिंक काढण्याआधी यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करायची, मग बंद करून, वीज तोडून, हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवायचा, हे मी त्यानंतर शिकले. इंटेलच्या बाजूला २००४ सालच्या एलजीए ७७५ पासून पिना बोर्डवरच्या सॉकेटमध्ये असतात. तिथे तर कापूस किंवा ब्रशचा केससुद्धा लागता कामा नये.

एसएमपीएसचा प्रसंग मी मुद्दाम शेवटी ठेवला. तिथे काही बिघडलं नाही, पण बिघडलं असतं तर हे लिहायला मी नसते. त्या डब्यातही धूळ दिसत होती. मी त्याचे स्क्रू काढायला बसले. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं, "ते खाली ठेव," म्हटलं. आवाज असा होता की मी ठेवलं.

"बंद केलं आहे अण्णा, प्लगपण काढलाय."

"बंद केलंस. डिस्चार्ज केलंस का?"

घरात येणारी २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये आधी डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तो दाब सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतो, आताच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये चारशेच्या जवळ. प्लग काढल्यावर तो उतरायला हवा, आणि बहुधा उतरतोही. पण उतरवणारा भाग खराब असेल तर तिथे तो किती वेळ राहील, हे बाहेरून बघून कुणीही सांगू शकत नाही. अण्णांच्या खात्यात मोठ्या दाबाच्या कशालाही हात लावायच्या आधी डिस्चार्ज रॉडने ते जमिनीला जोडायचे, कितीही वेळ बंद असलं तरी. एसएमपीएस घरी उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या जाळीवरची धूळ बाहेरून मऊ ब्रशने काढावी, लांबून हलकी हवा मारावी. तेवढ्याने भागत नसेल तर तो बदलावा.

त्याच दिवशी अण्णांनी आमचं थ्री-पिन सॉकेट तपासलं. कॅबिनेटला हात लावला की मला झिणझिण्या यायच्या, मी ते मनावर घेतलं नव्हतं. सॉकेटच्या वरच्या भोकात अर्थची तार नव्हतीच, आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले होते. अर्थ नसला की एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे एकशे पंधरा व्होल्टच्या आसपास तरंगत ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. पण उलट जोडणीचा धोका मोठा आहे. आपल्या भिंतीवरचा स्विच एकच तार तोडतो. जोडणी उलटी असेल तर तो न्यूट्रल तोडतो आणि यंत्र बंद दिसत असूनही फेज आतपर्यंत आलेली असते. साफ करताना अर्थ मिळावा म्हणून प्लग लावून फक्त स्विच बंद ठेवा, असं काही ठिकाणी सांगितलेलं असतं. इथल्या घरांमध्ये ते करू नका. तार उपटून बाजूला ठेवा. स्थिर विद्युत टाळायला आपलं शरीर आणि कॅबिनेट एकाच पातळीवर असलं की पुरतं, त्यासाठी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला मधूनमधून हात लावत राहायचं.

आता मी काय करते ते सांगते. आधी बॅकअप. मग शटडाउन, यूपीएसमधून तार बाहेर, मॉनिटर-प्रिंटरच्या तारा बाहेर आणि पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरते. हिरवा दिवा विझलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत बोट जात नाही. गच्चीत सावलीला बसते, तोंडाला मास्क. रंगकामाचा रुंद मऊ ब्रश आणि विजेवर चालणारा लहान ब्लोअर, एवढीच हत्यारं. ब्लोअरमध्ये टाकी नाही, म्हणून साठलेलं पाणीही नाही. तो वीतभर लांब धरते, आणि हवा मारण्याआधी प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवते. व्हॅक्यूम वापरलाच तर त्याचं तोंड कॅबिनेटच्या बाहेर धरते, उडालेली धूळ ओढण्यापुरतं. हवेचे डबे मिळतात ते चांगले, पण महाग, आणि ते उभेच धरावे लागतात. आडवे केले की आतला द्रव बाहेर येऊन कातडी गोठवतो, आणि त्यातल्या काहींमधला वायू पेट घेणारा असतो. रॅमच्या टोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात, धागे न सुटणाऱ्या कापडाने. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, काच पुसायचा स्प्रे नाही. हार्ड डिस्कवरच्या बारीक भोकाकडे ब्लोअर वळवायचा नाही. आतलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा एक कण त्याच्यापुढे डोंगर आहे. लॅपटॉप मी स्वतः उघडत नाही. त्याची बॅटरी आतच असते आणि बाहेरच्या जाळीतून हवा मारली की धूळ मागे सरकून पंख्यातच अडकते.

कॅबिनेट आता जमिनीपासून फूटभर वर, कूलरकडे पाठ करून आहे आणि पुढच्या पंख्याला चुंबकाने चिकटणारी बारीक जाळी लावली आहे. जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून परत लावते. आतली सफाई आता क्वचितच लागते. इतक्या खटाटोपानंतर मला वाटतं, की हे आधी केलं असतं तर बाकीचं बहुतेक टळलं असतं.

यंदाच्या दिवाळीत कॅबिनेट उघडणार असाल तर ते टायरच्या दुकानात नेऊ नका आणि एसएमपीएसचे स्क्रू सोडवू नका. आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी इंद्रपुरीसारख्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहून शिकत असेल, तर धुळीच्याही आधी एक काम करा. चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतल्या थ्री-पिन सॉकेटला अर्थ आहे का आणि फेज बरोबर बाजूला आहे का, ते तपासून घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच खोल्यांमध्ये ते नव्हतं.